पाणी मागून येतं

आमच्याकडे हिवाळा येत नाही, उकाडा रजेवर जातो. नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घराची खिडकी उघडावी आणि बाहेरची हवा खुशाल आत यावी, एवढीच इथे आखातात ऋतुबदलाची खूण. एसीची घरघर थांबली की घर एकदम मोठं वाटायला लागतं. शेजारच्या मल्याळी बाईंची फोडणी ऐकू येते, खाली मुलं सायकली काढतात आणि फोनवर आमचा 'चला बाहेर' नावाचा ग्रुप जागा होतो. उन्हाळाभर तो वाढदिवसाच्या केकांवर कशीबशी गुजराण करतो. पण खिडक्या उघडल्या की केदारचा मेसेज पडतोच. 'यल्ला मंडळी, सीझन सुरू! पहिली ट्रिप कुठे?'

यंदाही पडला. त्याखाली कुणीतरी लिहिलं, 'खाडीवर जायचं असेल तर आधी तात्यांना वेळ विचारा.' त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी वाचलं आणि फोन पालथा घातला. तात्या म्हणजे माझे वडील. ते समोर बाल्कनीत बसले होते, उघड्या हवेला तोंड करून, आणि कठड्यावरचं कबुतर हाकलायचं की नाही याचा विचार करत होते. मला एकाएकी ही थंड हवा नकोशी झाली. बंद खिडक्यांमागचा उन्हाळा निदान कुणाला कुठे बोलावत नाही.

पूर्वी असं नव्हतं. हा सीझन आला की मी हरखून जायची. आई गेल्यापासून तात्या दर हिवाळ्यात आमच्याकडे येत आणि मार्च आला की परत जात. घर रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या अगदी तोंडावर. नोकरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची झाली, पण माणूस खाडीचा. ओहोटी लागली की पंचा गुंडाळून खडपात, म्हणजे काठच्या खडकांत, उतरायचं, कालवं फोडायची, रेतीतून तिसऱ्या उकरायच्या आणि पाणी फिरायच्या आत वर यायचं, हे त्यांचं आयुष्यभर चाललं. निवृत्तीनंतर तर रोजच. एकटेच. शेजारपाजारी सगळे मुंबईला. गेल्या सीझनमध्ये मला काय ठरवावं लागणार आहे ते सुरुवातीला ठाऊक नव्हतं. सहलींच्या गडबडीत ते हळूहळू समोर आलं. तात्यांना मार्चमध्ये त्या घरी एकटं परत पाठवायचं का, एवढाच तो प्रश्न होता. बाकीचं सगळं, म्हणजे थालीपिठं, चटया, कयाक, क्रिकेट, त्या प्रश्नाच्या आजूबाजूला चाललं होतं.

तात्यांनी भरती-ओहोटीची वेळ कधी कुठे बघितली नाही. ती त्यांच्या डोक्यात असे. कोकणात सगळेच करतात तो हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आसपास. इथे पहिल्या हिवाळ्यात आले तेव्हा त्यांनी आखातालाही तोच नियम लावून पाहिला. रास अल खैमाच्या अलीकडे खारफुटीची एक खाडी आहे, आम्ही तिथे फार जातो. तिच्या काठी ते दिवसभर टोपी घालून बसले आणि संध्याकाळी निकाल दिला, "तुमचा समुद्र आळशी आहे गो. तासभर उशिरा उठतो. आणि दोन भरत्यांतली एक दांडगी, दुसरी लेचीपेची." तेव्हापासून ग्रुपमध्ये तात्यांचा शब्द शेवटचा. कुणी फोनमधलं ॲप काढलंच तर केदार म्हणायचा, "हबीबी, ते ॲप बंदराची वेळ देतं. इकडे आत खाडीत काय चाललंय ते त्याच्या बापालापण माहीत नाही. तात्या बोलले, खलास." केदारचं अल कुसैसमध्ये केटरिंग आहे. शंभर माणसांच्या जेवणाचा अंदाज त्याला बिनचूक लागतो, पण पाण्यापुढे तो निमूट तात्यांच्या मागून चालायचा. मला तात्यांचा केवढा अभिमान वाटे!

गेल्या वर्षीची पहिली ट्रिप खोर फक्कानची. पलीकडच्या किनाऱ्यावर सूर्योदय बघायचा म्हणून आम्ही अंधारातच निघालो. वाटेत धुकं इतकं दाटलं की पुढच्या गाडीचे लाल दिवे मधूनच नाहीसे होत. सगळ्यांचे फोन धोक्याच्या इशाऱ्याने एकदम कर्कश वाजले. तात्या पुढे मनीषच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, शेजारी बसले होते. त्यांनी काचेतून बाहेर पाहत दोनदा विचारलं, "समुद्र कुठच्या अंगाला?" मनीष म्हणाला, "अजून लांब आहे, तात्या. मधे डोंगर आहेत." थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारलं. धुक्यात कुणालाही चुकल्यासारखं होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

खोर फक्कानला समुद्र पूर्वेला आहे. ज्याने जन्मभर सूर्याला पाण्यात बुडताना पाहिलं, त्याला तो पाण्यातून वर येताना पाहायचा म्हणजे जरा चमत्कारिकच. दरवर्षी तात्या त्यावर थट्टा करत. "हा समुद्र उताणा निजलाय," म्हणत. त्या दिवशी ते बोलले नाहीत. धुकं विरलं, पाण्याच्या रेघेवर तांबडं बिंब आलं, सगळ्यांनी फोन वर धरले. तात्यांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला आता. दिवेलागण झाली. आई वाट बघत असेल."

सगळे खळखळून हसले. तात्यांचा विनोद! केदारने तर त्यांना टाळी दिली आणि तात्यांनीही ती घेतली. हसले नाहीत ते तात्या. त्यांची नजर आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून फिरली, काहीतरी शोधत, आणि मग तेही हसले, जरा उशिरा. तो उशीर मी पाहिला. इडलीचा डबा उघडता उघडता पाहिला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं.

अशा गोष्टी दिसल्या की माणूस त्यांना नावं देतो. वय. प्रवासाचा शीण. झोप नीट नाही. मी तर अशी नावं देण्यात वस्ताद आहे, लहानपणापासून. कयाक करायला गेलो तेव्हा तात्या नारिंगी जॅकेट घालून ऐटीत पुढे बसले. खारफुटीतल्या चिखलात चालणाऱ्या खेकड्यांकडे बोट दाखवून त्यांनी इराला, माझ्या लेकीला, नर कुठला, मादी कुठली ते समजावलं. तिवर ओळखून दाखवला, आपल्याकडच्या चिपी, कांदळाशी त्याचा फरकही सांगितला. इरा म्हणाली, "आजोबा, यू नो एव्हरीथिंग!" मी वल्हं मारत मागे बसले होते. मला इतकं हलकं वाटलं की खोर फक्कानची सकाळ मी मनातून पुसूनच टाकली. आजार असता तर एवढं आठवलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला मोठ्या हुशारीने विचारला आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं.

मग तो ओसाड गाव. जझिरत अल हमराला मोती काढणाऱ्यांची जुनी वस्ती आहे. पोवळ्याच्या दगडांची घरं, माणसं केव्हाच सोडून गेलेली. दुपारच्या उन्हात मुलं तिथे लपाछपी खेळत होती, 'हॉन्टेड आहे, हॉन्टेड आहे' करत किंचाळत होती. तात्या दिसेनात म्हणून मी शोधत गेले, तर एका अंगणात ते कमरेवर हात ठेवून उभे. भिंतीतून शिंपल्यांचे तुकडे डोकावत होते. वर छप्पर नव्हतं, नुसतं पांढरं आभाळ. मला पाहून ते रागावून म्हणाले, "कौलं कधी काढलीत? मला विचारायचं तरी."

"तात्या, हे आपलं घर नाही."

"मला कळतं गो," ते म्हणाले. पण जाताना त्यांनी दार ओढून घ्यायला हात पुढे केला. दार नव्हतंच तिथे. मी त्यांचा तो हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. मनीषने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, ऊन लागलं."

आणि मग खाडीतला तो दिवस. फेब्रुवारी असावा, हवा इतकी छान की बाहेर न पडणं पाप वाटावं. काठापासून आत एक वाळूचा पट्टा आहे. ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यातून चालत तिथवर जाता येतं. चारी बाजूंना उथळ हिरवं पाणी, मधे आपल्यापुरती वाळू, दूर रोहित पक्ष्यांची रांग. आमची लाडकी जागा. सकाळी निघतानाच तात्या म्हणाले होते, "आज पौर्णिमा. दिवस मावळेपर्यंत पाणी उतरतच राहणार. निवांत बसा." जेवण उरकून आम्ही दुपारी पोचलो तेव्हा पाणी पार उतरलेलं होतं. तात्या खूश झाले. "बघा, आजच लवकर उतरलंय," म्हणाले. पुनवेला दुपारी पाणी एवढं खाली कसं, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पूर्वीच्या तात्यांना पडलाच असता. मलाही तो घरी गेल्यावर पडला.

चटया पसरल्या. केदारने मिसळीचं पातेलं आणलेलं, मनीषने स्टंप ठोकले. मुलं शंखशिंपले गोळा करत पांगली. तात्या टोपी डोळ्यांवर ओढून आडवे झाले. इतकी शांत दुपार होती की क्रिकेटचा आरडाओरडासुद्धा लांबून आल्यासारखा वाटत होता. रोहित उडून गेले तेव्हा मी मान वर केली. का उडाले ते काही कळलं नाही. मी परत चहा ओतायला लागले.

इरा माझ्यापाशी येऊन उभी राहिली. हातातले शिंपले तिने घट्ट धरलेले. हळूच म्हणाली, "आई, द वॉटर इज बिहाइंड अस."

पाणी मागून येतं, हे मला तात्यांनीच शिकवलं होतं. समोर समुद्र असतो म्हणून माणूस समोर बघत बसतो. पण वाळूच्या आणि काठाच्या मधली खोलगट वाट आधी भरते, आवाज न करता. मी वळून पाहिलं. ज्या वाटेने आम्ही चपला हातात घेऊन आलो, तिथे गडद पाणी सरकत होतं. आमच्या गाड्या पलीकडे, लहान लहान.

"तात्या!" मी त्यांना हलवलं. "पाणी भरतंय."

ते उठून बसले. पाण्याकडे पाहिलं. "छे. आज पौर्णिमा. अजून उतरेल."

"तात्या, भरतंय. बघा तरी."

"उतरेल म्हणतो ना!" ते ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडत नाहीत. आणि एक विचित्र गोष्ट झाली. सगळे थबकले. केदार, मनीष, सगळी मोठी माणसं, हातात बॅट आणि चमचे घेऊन. पाणी डोळ्यांसमोर चढत होतं आणि ते तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. 'तात्या म्हणतात तर' असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतं. मला त्या क्षणी पाण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"उठा रे!" मी किंचाळले. "मुलांना उचला!"

निघालो. मधल्या वाटेत पाणी कमरेच्या वर होतं आणि बाजूला खेचत होतं. मनीषच्या खांद्यावर इरा. केदारने एका काखेत स्वतःची धाकटी आणि दुसऱ्या हाताने तात्यांचा दंड. चटई सुटली, तिच्यामागे कुणाची तरी चप्पल गेली. पातेलं वाळूवरच राहिलं. काठाला लागलो तसे सगळे एकदम हसायला लागले, ते एक भलतंच हसू असतं. "खलास! आज वाचलो," केदार म्हणाला. "तात्या, तुमची चूक नाही हां. ये अरब लोगों का समुंदर है, तिथीबिथी मानत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. समुद्रावर ठपका ठेवून सगळे मोकळे झाले.

तात्या टॉवेल पांघरून गाडीच्या बॉनेटला टेकले होते. सूर्य टेकत आला होता. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा निवळला. "बाय, चंद्र बघ," ते म्हणाले. "पुनवेचा. काय भरलाय!"

मी पाहिलं. चंद्र आभाळात पार वर आला होता. पुनवेचा चंद्र सूर्य बुडताना नुकता उगवत असतो, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. हा वर होता आणि अर्धवट होता. एका बाजूने चांगलाच खाल्लेला. इरा म्हणाली, "बट आजोबा, इट्स नॉट..." मी तिचा हात दाबला. तिला काय समजलं कोण जाणे, घरी येईपर्यंत ती आजोबांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती.

घरी येऊन मी पंचांग पाहिलं. दशमी होती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास भरती आणि दुपारी अडीचनंतर पाणी पुन्हा चढायला लागणार. म्हणजे समुद्र बिचारा तिथीप्रमाणेच वागला होता. चूक त्याची नव्हती.

मनीषला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मलाही तारीख आठवत नाही. मी दहा वेळा फोन बघतो."

"तुला फोन आहे. त्यांना चंद्र होता. तो डोक्यावर होता, मनीष, आणि त्यांना तो पूर्ण दिसला."

त्याने फोन काढला आणि डॉक्टरांची वेळ घेतली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, आठवणी अशाच हळूहळू जातात. किती हळू, ते त्यांनाही सांगता येईना. मला मात्र रोज एकच चित्र दिसायला लागलं: आमच्या गावच्या खडपात वाकून कालवं फोडणारे तात्या, आणि त्यांच्या पाठीमागे भरत आलेली वाट. तिथे इरा नाही. ओरडायला मीही नाही.

मार्चमध्ये त्यांनी बॅग भरायला घेतली. खजूर, मनीषचा जुना स्वेटर, गावात वाटायला चॉकलेटं. मी दारात उभी राहून म्हटलं, "तात्या, या वेळी जायचं नाही. इथेच राहायचं आमच्याजवळ." भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते. माझे वडील चिवट. आईच्या आजारपणात त्यांनी अख्ख्या भावकीशी भांडण मांडलं होतं. मला वाटलं, आता बॅग आपटतील, 'माझं घर आहे, तू कोण सांगणार' म्हणतील.

ते म्हणाले, "बरं."

आणि खजुराचा डबा काढून पलंगावर ठेवला. मग स्वेटर काढला. त्यांनी भांडायला हवं होतं. त्यांच्या त्या 'बरं'ने मी इतकी घाबरले की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्यांनाही केव्हापासून कळलं होतं, आणि ते कुणीतरी सांगायचीच वाट बघत होते, हे मला तिथे उमगलं.

उन्हाळा काढला. बंद काचांमागे चंद्र दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगची पाठ दिसते. तात्या टीव्ही बघत, कधी कधी दुपारी पंचा शोधत. सगळं चाललं होतं. मग खिडक्या उघडल्या.

ग्रुपला मी काहीच सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. केदारने वेळ विचारली तेव्हा मी ॲप उघडलं, त्यात तासभर मिळवला आणि लिहिलं, 'तात्या म्हणतात, दुपारी.' लगेच अंगठे आले. माझ्या बापाचा शब्द अजून चालतो, आणि तो मी चालवीन. मला त्याची लाज वाटत नाही.

शनिवारी गेलो. तीच खाडी, तोच वाळूचा पट्टा. काठावर गाड्या लागल्या, मुलं उतरली, नवीन एक-दोन कुटुंबंही आलेली. केदार त्यांना सांगत होता, "हे आमचे तात्या. यांच्याशिवाय आपण पाण्यात पाय नाही टाकत." तात्यांनी त्या सगळ्यांना नमस्कार केला. मग ते पाण्याच्या कडेला येऊन उभे राहिले. मी शेजारी. बराच वेळ ते पाण्याकडे बघत राहिले, कपाळाला आठ्या घालून. मग माझ्याकडे झुकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले,

"बाय, पाणी येतंय की जातंय?"

मी पाण्याकडे पाहिलं. हिरवं, उथळ, जवळजवळ स्थिर. एक वाळलेलं पान तरंगत होतं, तेही हलत नव्हतं. ॲपच्या वेळेत मी मिळवलेला तास बरोबर होता का? वारा मागून होता, त्याचा काही फरक पडतो का? खाडीवर जन्मले, खाडीवर वाढले, पण पाणी मी कधी वाचलंच नव्हतं. कधी गरजच पडली नव्हती, तात्या होते. मागे सगळे डबे आणि चटया घेऊन तयार उभे होते. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते.

मला काहीच कळत नव्हतं.

"जातंय, तात्या," मी म्हटलं.

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाऊल टाकलं. तात्या उतरले म्हटल्यावर केदारने मुलीला खांद्यावर घेतलं, आणि सगळेजण, नवीन आलेलेसुद्धा, हसत बोलत त्यांच्या मागोमाग निघाले.